सात चौकोनांची मोटार

माझ्या पत्रिकेत वाहनयोग आहे, असे आमच्या आत्याबाईंनी मी बारा दिवसांचा असतानाच जाहीर केले होते. ते वाहन सात चौकोनांचे असेल, त्याला चाके नसतील आणि ते दोन पेन्सिल सेलवर चालेल, हा तपशील मात्र त्यांनी दिला नाही. ज्योतिष आणि कर्जाच्या जाहिराती यांत एवढे साम्य आहे खरे. अटी व शर्ती मागाहून कळतात.

२०२४ च्या दिवाळीआधी सौ.ने मला माळ्यावर चढवले. "सर्व्हर डाऊन असला की बँकेत नुसते बसताच ना, मग घरात तरी जरा हला," असे त्या वेळचे उद्गार होते. माळ्यावर एक तांब्याचा बंब, दोन छत्र्यांचे सांगाडे, बी.कॉम.च्या नोट्स (वाळवीनेही ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती) आणि बुटाचे एक खोके निघाले. खोक्यात माझा ब्रिक गेम होता.

नव्वदच्या दशकात जे शाळेत होते त्यांना ब्रिक गेम म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. तळहातात मावेल असे प्लॅस्टिकचे यंत्र, वर राखी रंगाचा छोटा पडदा, खाली बटणे. माझ्या मामाने ते मुंबईच्या फुटपाथवरून दीडशे रुपयांना आणले होते. खोक्यावर '९९९९ इन १' असे छापले होते. मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होतो, अंगात ऑडिटर संचारलेला होता. दोन दिवसांत हिशेब लावला, तर खरे खेळ निघाले आठ-नऊ. बाकीचे तेच खेळ, वेग आणि पातळी बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले. एकाच नोटेचे बंडल नव्वद वेळा फिरवून कॅश मोजल्यासारखे. पुढे बँकेत लागल्यावर मला काहीही आश्चर्य वाटले नाही, याचे श्रेय मी त्या खोक्याला देतो.

त्यातला मूळ खेळ विटा रचण्याचा, म्हणजे अलेक्सी पाजित्नोव्ह या गृहस्थांनी १९८४ साली मॉस्कोत तयार केलेला टेट्रिस. त्याच विटांवरून यंत्राला ते नाव पडले. पण आमच्या घरात विटा चालल्या नाहीत, चालली ती मोटार. कारण आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते.

आता ही मोटार कशी, तर पडद्यावर आडवे दहा आणि उभे वीस, असे सगळे मिळून दोनशे चौकोन. त्यातल्या सात चौकोनांची एक गाडी. डोक्याला एक, खाली तीन, मग एक आणि शेवटी दोन. मोटारीपेक्षा ती हातपाय पसरून उताणा पडलेला माणूसच जास्त वाटे. समोरच्या गाड्याही याच साच्यातल्या. ट्रक नाही, बैलगाडी नाही, म्हैस नाही. दोन लेन. बटण दाबले की गाडी वळत नाही, ती शेजारच्या लेनमध्ये एकदम प्रकट होते, नारदमुनींसारखी. धडक बसली की ठिकऱ्या उडतात, भोंगा वाजतो आणि चारांतला एक जीव कमी होतो.

या खेळाचे गुण मी मोकळेपणाने सांगतो. तो चालू व्हायला वेळ लागत नाही. चिरंजीवांच्या फोनवर मोटारींचा खेळ आहे. गाडीवर आभाळाचे प्रतिबिंब दिसते, पावसात काच ओली होते. पण गाडी सुटायच्या आधी तो खेळ डाउनलोड होतो, अपडेट होतो, दोन जाहिराती दाखवतो आणि शेवटी नवे टायर विकत घ्या म्हणतो. माझ्या यंत्राने कधी कुणाकडे टायरला पैसे मागितले नाहीत. दोन सेलवर ते महिनोन्महिने चाले. हातून तीनदा जिन्यावरून पडले, तरी धावले. आणि मुख्य म्हणजे त्याने कधी खोटी आशा दाखवली नाही. तुम्ही हरणार, हे पहिल्यापासून ठरलेले. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच.

इथेच त्याचे दुखणे सुरू होते. हा रस्ता कुठेच पोहोचत नाही! याच्या आधीची एक हकीगत माझ्या वाचनात आली. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने 'ऑटो रेस' नावाचा हातात धरायचा खेळ काढला. त्यातली मोटार म्हणजे तांबड्या दिव्याची एक रेघ. तो खेळ कॅल्क्युलेटरच्या चिपवर बसवला होता आणि सगळा प्रोग्राम सुमारे पाचशे बाइटचा. कॅल्क्युलेटरमधून मोटार काढली हे वाचून माझा ऊर भरून आला. मी वीस वर्षे कॅल्क्युलेटर बडवतो आहे, त्यातून साधी सायकल निघाली नाही. पण त्या खेळात शिस्त होती. चार गिअर, चार फेऱ्या, नव्व्याण्णव सेकंदांच्या आत संपवा आणि घरी जा. माझ्या यंत्रात घरी जाणे नव्हतेच. जितके चांगले चालवाल तितका वेग वाढतो, आणि बक्षीस म्हणून पुढचा अपघात लवकर होतो. (आमच्याकडे झटपट काम करणाऱ्या क्लार्कच्या काउंटरवर जशी रांग वाढते तसे. हल्ली आमच्या पदाला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. रांग तेवढीच आहे.)

तर आबा. आबा कराड डेपोला. एकोणतीस वर्षांत बहुतेक काळ कराड–चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट. पावसाळ्यात त्या घाटात स्वतःचा हात दिसत नाही असे धुके उतरते. तरी आबांच्या नावावर एकही अपघात नव्हता. विनाअपघात सेवेचा बिल्ला आई देवघरात ठेवायची. १९९७ साली डोळे तपासणीत डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला आणि आबांचे स्टिअरिंग सुटले. डेपोतच बसून करायचे काम मिळाले. "डॉक्टरचं बरोबर हाय. चाळीस माणसं असत्यात मागं," एवढेच ते म्हणाले. पण त्यानंतर जेवताना त्यांचा उजवा पाय पाटाखाली हळूच दबायचा. ब्रेक लागायचा. आम्ही कुणी त्यावर बोललो नाही.

त्याच वर्षी मामाने यंत्र आणले. पहिल्या रात्री आबांनी ते हातात घेतले आणि एकोणतीस वर्षांचा बेदाग ड्रायव्हर दहा सेकंदांत चारदा ठार झाला.

"अरं, ह्याला बिरेक कुठाय?"

"ब्रेक नाही आबा."

"आन् हॉर्न?"

"तोही नाही."

"मग परमिट कुणी दिलं ह्याला?" आबांनी चष्मा पुसला. "आन् समोरनं येणारा आपल्या बाजूला कसा येतो रं?"

मी समजावले, की त्या गाड्या समोरून येत नाहीत, पुढे चाललेल्या आहेत, आपण त्यांना ओव्हरटेक करतो आहोत.

"डावीकडनं?" आबा एवढ्या जोरात ओरडले, की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

नंतर काही दिवस त्यांनी यंत्राकडे पाहिले नाही. मग एकदा रात्री बाराच्या पुढे मी पाणी प्यायला उठलो, तर ओसरीवरच्या बल्बखाली आबा बसलेले. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून यंत्र उजव्या डोळ्याशी तिरपे धरलेले. मला पाहून त्यांनी ते लपवले नाही. उलट जवळ बोलावले.

"हे बघ. घावला बिरेक."

त्यांनी पॉजचे बटण दाबले. खेळ जागच्या जागी थांबला आणि पडद्याच्या कडेला एक वाफाळता कप लुकलुकू लागला. आबा खुशीत होते. "चहाची खूण बी दिलीय. पाटणला थांबलोय."

माझ्या मते ही शुद्ध लबाडी होती. आबांची पद्धत अशी, की चार गाड्या ओलांडायच्या, पॉज करायचे, पडद्यावर वरपर्यंत नीट बघून घ्यायचे, मग गाडी सोडायची. वेगाचे बटण त्यांनी आयुष्यात दाबले नाही. मी सुसाट सुटायचो आणि दोन मिनिटांत चारही जीव खर्चून मोकळा व्हायचो. ते तासभर चालवायचे. दोन महिन्यांत हाय-स्कोअरच्या जागी आबांचा आकडा बसला. तेवीस हजार चारशे. माझा होता नऊ हजार. मामा आला, शेजारचे आले, डेपोतले दोघे आले, प्रत्येकाला आबा आकडा दाखवायचे. बिल्ला त्यांनी स्वतःहून कधी कुणाला दाखवला नव्हता.

माझ्या यंत्रात एक मोठा दोष होता. बंद केले तरी आकडा राही, पण सेल काढले की सगळे पुसले जाई. लेजर नाही, बॅकअप नाही. सेल बदलायची वेळ येईल तेव्हा कसे करायचे यावर आबा गंभीरपणे विचार करत. "सेल टिकतील," असे म्हणून ते विषय संपवत.

मार्च १९९८. बारावीची परीक्षा, दुसऱ्या दिवशी अकाउंट्सचा पेपर. रात्री साडेअकराला गजराचे घड्याळ बंद पडले. दुकाने मिटलेली. मी खोक्यातून यंत्र काढले, त्यातला एक सेल घड्याळात घातला आणि पहाटे चारला उठून ताळेबंद पाठ केला. पेपर चांगला गेला. संध्याकाळी सेल परत बसवला. हाय-स्कोअर शून्य.

"आबा, यंत्र बिघडलं. आकडा आपोआप गेला," मी म्हणालो.

आबांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट केले. मागचे झाकण जरा दाबून पाहिले. "मशीनच ती. जायचीच," म्हणाले. पुन्हा त्यांनी ते हातात घेतले नाही. अकाउंट्समध्ये मला ब्याऐंशी गुण पडले. पुढची सगळी नोकरी या गुणांवरच उभी आहे म्हटले तरी चालेल.

ते यंत्र घेऊन मी माळ्यावरून उतरलो. सेल घातले, पडदा उजळला, पण गाडी फक्त उजवीकडे जाई. डावे बटण मेलेले. चार स्क्रू काढून उघडले. बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या पोटाला एक काळी टिकली. ती मळली की बटण दाबून काही पोहोचत नाही. खोडरबराने पुसली की चालते. बँकेच्या रजिस्टरात खाडाखोड म्हणजे महापाप, त्यामुळे माझ्याकडे खोडरबर नव्हते. चिरंजीवांच्या कंपासमधून आणले.

आबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. मी यंत्र त्यांच्या हातात दिले. ते बराच वेळ नुसते चाचपत बसले. मग सुरू केले. पहिली गाडी धडकली, दुसरीही धडकली. तिसऱ्या जीवाला अंगठा सापडला. चार गाड्या, पॉज. चार गाड्या, पॉज. कप लुकलुकायचा. चिरंजीव फोन बाजूला ठेवून पाहायला आले आणि म्हणाले, "आजोबा, ही चीटिंग आहे." माझे सत्तावीस वर्षांपूर्वीचे मत घराण्यात टिकून होते.

"चीटिंग न्हाई, ड्रायव्हिंग," आबा म्हणाले.

सहा हजार दोनशेवर गाडी थांबली. हाय-स्कोअरच्या जागी आकडा बसला. सगळे यंत्र नवे, त्यामुळे तोच विक्रम. आबांनी यंत्र माझ्याकडे परत दिले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि पांघरूण ओढता ओढता म्हणाले,

"आता घड्याळाला सेल दुसरा आण बरं का."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? सत्तावीस वर्षांची नोंद एका ओळीत टॅली झाली होती आणि त्यावर माझी सही बाकी होती.

पुढच्याच आठवड्यात हॉलमधले घड्याळ बंद पडले. सौ. म्हणाली, "त्या खेळण्यात आहेत की दोन, त्यातला एक घाला ना तात्पुरता."

मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.