दक्षिण बेटावर तीन टाक्यांसह

कॅम्परव्हॅनमध्ये पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरण्याच्या ताज्या पाण्याची, दुसरी मोरी आणि न्हाणीतून येणाऱ्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाची. निघताना पहिली भरलेली आणि उरलेल्या दोन रिकाम्या असतात. नंतर पहिलीतले पाणी दिवसभर त्या दोहोंत उतरत राहते. अशा गाडीने पहिल्यांदाच निघालेल्याला काळजी असते ती ताजे पाणी संपण्याची. प्रत्यक्षात मुक्काम कधी हलवायचा हे ठरवतात त्या भरत आलेल्या दोन टाक्या. न्यू झीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चहून टेकापो, आओराकी, वानाका, हास्ट खिंड, पश्चिम किनारा आणि आर्थर्स पास अशी चौघांची फेरी करताना आमचा रोजचा कार्यक्रम याच हिशेबाने आखला गेला.

या देशात हा हिशेब कायद्यानेच घालून दिला आहे. ठरावीक छावणीबाहेर, सार्वजनिक जागेत गाडी लावून रात्र काढण्याला तिथे ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात आणि त्याचे नियमन 2011 च्या कायद्याने होते. 2023 मध्ये त्यात मोठा बदल झाला. नगरपरिषदांच्या जमिनीवर असा मुक्काम करायचा तर गाडी, काही अपवाद सोडता, ‘सेल्फ-कंटेन्ड’ म्हणजे स्वयंपूर्ण असल्याचा दाखला हवा आणि तिच्यात कायमचे बसवलेले शौचालय हवे. पूर्वी पलंगाखाली सरकवलेल्या सुट्या शौचकुपीवरही दाखला मिळे. बऱ्याच गाड्यांत ती कुपी कोरी करकरीत राही आणि झुडपांचे हाल होत. शौचालय असूनही पलंग उघडल्यावर आत जाताच येत नाही, असेही आता चालत नाही. दाखल्यासाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी अशी: माणशी रोज चार लिटर ताजे पाणी, निदान तीन दिवसांचे; सांडपाणी साठवायला तेवढीच सोय; शौचालयाच्या टाकीत माणशी रोज एक लिटर. मोरीच्या नळाला वास अडवणारा पाणसापळा आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा हेही त्या यादीत येतात. दाखल्याचे हिरवे कार्ड पुढच्या काचेवर दिसेल असे लावायचे असते. नियम मोडणाऱ्याला शेकडो डॉलरांचा दंड बसतो.

चौघांचे तीन दिवसांचे किमान पाणी या मापाने 48 लिटर होते. चौघांसाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत ताज्या पाण्याची टाकी साधारण याच्या दुप्पट असते. एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे भरलेली टाकी ही गाडीतला जादा माणूसच. घाटात तो जाणवतो. नळ उघडला की टाकीजवळचा 12 व्होल्टचा पंप घरघरतो आणि नळ बंद होताच थांबतो. नळ बंद असताना हाच पंप अधूनमधून क्षणभर वाजत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादी तोटी नीट मिटलेली नाही असे समजावे. झोपण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करणे बरे.

क्राइस्टचर्चला टाकी भरली जाते ती कँटरबरीच्या मैदानाखालच्या भूजलाने. बेटावरच्या दक्षिण आल्प्स पर्वतरांगेतून उतरणाऱ्या वायमाकारिरी नदीचे पाणी गोट्या-वाळूच्या थरांतून वर्षानुवर्षे झिरपत शहराखाली पोहोचते. हे पाणी शहर पूर्वी क्लोरिनशिवाय पीत असे आणि त्याचा लोकांना अभिमान होता. ऑगस्ट 2016 मध्ये उत्तर बेटावरच्या हॅवलॉक नॉर्थ गावात मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेतले कॅम्पिलोबॅक्टर जंतू विहिरीच्या पाण्यात शिरले आणि हजारो माणसे आजारी पडली. (1857 मध्ये कानपूरला नानासाहेबांच्या फौजेशी लढलेल्या जनरल हॅवलॉकचे नाव त्या गावाला आहे.) देशभर तपासण्या झाल्या आणि 2018 पासून क्राइस्टचर्चच्या पाण्यातही क्लोरिन पडू लागले. टाकीत पाणी काही दिवस साठवणाऱ्या प्रवाशाच्या ते पथ्यावरच पडते.

टाकी भरण्याची नळी खाण्यापिण्याच्या पाण्यासाठीची, वेगळी ठेवलेली असावी लागते. नळ आधी थोडा वेळ वाहू द्यायचा, नळीचे तोंड जमिनीला लागू द्यायचे नाही आणि भरून झाल्यावर आतले पाणी निथळून तिची दोन्ही टोके एकमेकांत अडकवायची. गाडीवरचे पाणी भरायचे आणि डिझेल भरायचे तोंड शेजारीशेजारी असू शकते. प्रत्येक झाकण उघडण्याआधी त्यावरचे चिन्ह वाचावे.

क्राइस्टचर्च ते टेकापो हे सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर सपाटीवरून हळूहळू चढते. टेकापो सरोवर 710 मीटर उंचीवर आहे. हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात तरंगत राहते, त्यामुळे त्याचा रंग दुधाळ निळा दिसतो. पाणी इतके थंड आणि पोषकद्रव्यांच्या बाबतीत इतके गरीब की त्यात थोडी भर पडली तरी शेवाळाला तेवढे पुरते. भांड्यांचे पाणी काठावर ओतायला मनाई आहे ती यामुळेही. साबणाच्या बाटलीवर ‘निसर्गात विघटन होणारा’ असे छापलेले असले तरी त्या विघटनाला माती आणि तिच्यातले जंतू लागतात. सरोवरात तो विरघळतो, संपत नाही. दक्षिण बेटावर 2004 मध्ये लोअर वायआऊ नदीत डिडिमो नावाचे शेवाळ सापडले. एका थेंबातूनही ते दुसऱ्या नदीत जाऊ शकते, म्हणून बूट, बादली, होडी, जे काही पाण्यात बुडाले असेल ते तपासा, धुवा, वाळवा अशा पाट्या नदीकाठी दिसतात. इथल्या नदीत ताटली विसळून पुढच्या नदीकाठी जेवायला बसणारा प्रवासीही त्या पाटीत येतो.

मराठी स्वयंपाकाचा आणि गाडीच्या मोरीचा प्रश्न पहिल्या मुक्कामालाच समोर येतो. गाडीची रचना पाव, चीज आणि क्वचित पास्ता अशा जेवणाला धरून केलेली असते. फोडणीचे वरण, तेलाचा तवंग, हळदीचा थर आणि भाताची पेज सांडपाण्याच्या टाकीत गेली की दुसऱ्या दिवशी टाकी आंबते. तेल आतल्या संवेदकांवर चिकटते आणि टाकी अर्धी असली तरी गाडीतल्या फलकावरचा दिवा ती भरल्याचे सांगतो. त्यावर उपाय घरगुतीच आहेत. कुकर वापरावा, त्यात पाणी मोजून पडते आणि ओतून द्यायला पेज उरत नाही. पातेले धुण्याआधी कागदाने पुसून तो कचऱ्यात टाकावा. मोरीच्या भोकावर बारीक गाळणी ठेवावी. विसळण्यासाठी वाहता नळ न वापरता एका पातेल्यात पाणी घ्यावे. एवढे केले की चौघांची दोन वेळची भांडी सात-आठ लिटरांत निघतात. घरी तेवढे पाणी कढई भिजवायलाच जाते.

अंघोळीचे तसेच. बादलीभर पाण्याची सवय असलेल्याला पाच-सहा लिटर हास्यास्पद वाटतात. अंग ओले करून फवारा बंद, साबण, मग पुन्हा फवारा, या क्रमाने मात्र तेवढ्यात भागते. पैसे भरून राहायच्या छावण्यांत गरम पाण्याच्या न्हाण्या असतात. आम्ही गाडीतली न्हाणी बहुतेक ओले जॅकेट टांगायलाच वापरली, आणि तिचा तो उपयोग सर्वोत्तम आहे.

टेकापोहून पुकाकी सरोवराच्या काठाने आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याला रस्ता जातो. हूकर खोऱ्याच्या तोंडाशी व्हाइट हॉर्स हिल ही संवर्धन विभागाची छावणी आहे. हा पर्वत न्गाई ताहू या माओरी समाजाचा पूर्वज मानला जातो. माओरी रीतीत शरीराशी संबंधित गोष्टी आणि अन्न यांची सरमिसळ होऊ देत नाहीत: ताटे पुसायचे फडके अंतर्वस्त्रांबरोबर धूत नाहीत, जेवायच्या टेबलावर कोणी बसत नाही. खरकटे आणि ओवळे यांचे नियम पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कॅम्परव्हॅनमध्ये ही शिस्त आरोग्यशास्त्राचीही ठरते. मैल्याच्या कामाचे हातमोजे, नळी आणि फडकी वेगळ्या कप्प्यात. ताज्या पाण्याची नळी वेगळ्या.

शौचालयाची टाकी म्हणजे ‘कॅसेट’: साधारण 18 लिटरांची, गाडीच्या बाहेरच्या बाजूच्या झडपेतून ओढून काढता येणारी पेटी. भांड्याच्या तळाशी सरकते पाते असते. ते उघडे असेल तर पेटी निघत नाही. पेटी भरत आली की तांबडा दिवा लागतो. रिकामी पेटी बसवण्याआधी तिच्यात थोडे पाणी आणि बाटलीवर सांगितलेल्या मापाने औषध घालायचे. जुन्या निळ्या औषधांत फॉर्मल्डिहाइड असे. ते वास मारते, पण जिथे मैला सेप्टिक टाकीत जातो तिथल्या उपयोगी जंतूंनाही मारते. छोट्या गावांत सेप्टिक टाकीला चालणारे हिरवे औषध मागतात ते याच कारणाने. ब्लीच या पेटीत कधी घालू नये. रबरी पट्ट्या खराब होतात आणि औषधाशी किंवा मूत्राशी मिसळून घातक वायू सुटू शकतो.

आता तांब्या. ही पेटी कागद वापरणाऱ्यांच्या मापाने केलेली आहे. गाडीतले फ्लशचे पाणी अर्ध्या लिटरच्या आत असते, तांब्यात लिटरभर मावते. कागदावर चौघांची पेटी दीड-दोन दिवस चालते. प्रत्येकाने तांब्या घेतला तर ती दुसरी सकाळ पाहत नाही. भारतीय प्रवाशांच्या बाबतीत गाडी भाड्याने देणारे याबद्दल मौन पाळतात आणि प्रवासीही विचारत नाहीत. तोडगा मधला निघतो. पाण्याची लहान पिळायची बाटली घेतली की पाव लिटरात काम होते, आणि दिवसा गावातली सार्वजनिक शौचालये वापरली की पेटीवर फक्त रात्रीचा भार राहतो. न्यू झीलंडमध्ये ती जवळजवळ प्रत्येक गावात असतात आणि स्वच्छ असतात.

वानाकाला पोहोचेपर्यंत दोन्ही खालच्या टाक्या भरत येतात आणि ‘डम्प स्टेशन’ शोधावे लागते. हे म्हणजे सिमेंटचा उतरता ओटा, मधोमध झाकणाचे भोक आणि शेजारी धुण्याचा नळ. कामाचा क्रम सोडू नये. आधी हातमोजे. मग पेटी काढून, फिरते तोंड भोकावर धरून, वायूचे बटण अंगठ्याने दाबत ओतणे. बटण न दाबल्यास हवा गचके खात आत शिरते आणि शिंतोडे कुठे उडतील याचा नेम नसतो. मग पेटीत पाणी घालून हलवून दोन-तीनदा ओतणे. त्यानंतर गाडीखालची झडप उघडून सांडपाणी सोडणे, म्हणजे त्या पाण्याने ओटाही धुतला जातो. ओट्याशेजारचा नळ पिण्याचा नसतो. लोक त्यावरच पेट्यांची तोंडे धुतात, त्यामुळे पाटी नसली तरी तो अशुद्धच मानावा. हात साबणाने धुऊन, गाडी पुढे नेऊन, पिण्याच्या पाण्याच्या वेगळ्या नळावर पहिली टाकी भरायची.

वानाका ते हास्ट हे सुमारे 140 किलोमीटर. मकारोरा सोडले तर वाटेत वस्ती जवळजवळ नाही, म्हणून टाक्यांचे काम आधीच उरकावे. हास्ट खिंड 562 मीटरची, आल्प्स ओलांडणाऱ्या रस्त्यांत सर्वांत ठेंगणी. पलीकडे उतरताच पावसाचा मुलूख लागतो. समुद्रावरून येणारे ढग पर्वताला अडतात आणि किनाऱ्यावरच्या होकिटिकालाही वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला ही रचना ओळखीची. चहूकडे झरे असले तरी त्यांचे पाणी तसेच पिऊ नये. जिआर्डिया हा आतड्याचा परजीवी स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्यातही असू शकतो. पाणी खळखळ उकळून मिनिटभर तसेच ठेवले की तो मरतो. संवर्धन विभागाच्या साध्या छावण्यांत पाणी ओढ्याचे किंवा सरोवराचे असते. त्याने टाकी भरू नये. पातेल्यात घेऊन उकळावे. तिथल्या खड्ड्याच्या संडासांत कॅसेट ओतणेही चालत नाही. बाहेर बसून भांडी घासण्याचा बेत इथे सँडफ्लाय हाणून पाडतात: बारीक काळ्या माश्या, चावा मात्र आठवडाभर खाजणारा.

फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ हिमनद्यांवरून होकिटिकाला आले की रस्ता पुन्हा आल्प्सकडे वळतो. ओटिराचा चढ आणि 1999 मध्ये झालेला 440 मीटर लांबीचा पूल पार करून आर्थर्स पास लागते. सांडपाण्याची टाकी अर्धी भरलेली ठेवून हा चढ चढला तर आतले पाणी डुचमळते, पाणसापळ्यातले पाणी उडून जाते आणि टाकीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. निघण्याआधी मोरीला आणि न्हाणीला बूच लावले की हा त्रास टळतो. घाटमाथ्यावर किआ हे हिरवे डोंगरी पोपट गाड्यांवर उतरतात आणि काचांभोवतीचे रबर चोचीने उपसून काढतात. वाळत घातलेली नळी तर त्यांना आयतीच मिळते.

हिवाळ्यात हीच फेरी केल्यास टेकापो-आओराकी भागात रात्री तापमान शून्याखाली जाते. गाडीखालच्या उघड्या नळ्या आधी गोठतात, टाकी नंतर. झडप गोठली की सांडपाणी सोडता येत नाही, म्हणून ती टाकी संध्याकाळीच रिकामी करावी आणि पिण्यासाठी एक कॅन गाडीच्या आत ठेवावा.

क्राइस्टचर्चला गाडी परत करताना कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी असावी, असे भाडेकरारात सहसा लिहिलेले असते. नसल्यास सफाईचे पैसे लागतात. विमानतळाजवळ सकाळी ओट्यावर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे हे काम आदल्या संध्याकाळी, शेवटच्या छावणीतच उरकणे सोयीचे. ताज्या पाण्याची टाकी रिकामी करण्याची गरज नसते. उरलेले पाणी गाडीवाले स्वतः काढून टाकतात.