पाहुण्यांचे शहर

मराठी माणूस ‘हॉटेलात जातो’ तेव्हा तो बहुधा जेवायला किंवा चहा प्यायला जातो. मिसळ, वडा, राइसप्लेट जिथे मिळते, ते त्याचे हॉटेल. मुक्काम करायचा असला तर लॉज, धर्मशाळा किंवा ओळखीच्या कोणाचे घर. दाराशी आलेल्याला आधी गूळपाणी द्यावे, मग काम विचारावे, ही खेड्यातली रीत होती आणि तिचे मोल कोणी पैशात केले नव्हते. अतिथी या शब्दाचा परंपरेने सांगितलेला अर्थही हाच आहे : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. अशा माणसाला देवासमान मानावे, असे तैत्तिरीय उपनिषदात सांगितले आहे. मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याचे मात्र सारेच आधी ठरलेले असते. येण्याची तारीख, जाण्याची वेळ, खोलीचे भाडे, सकाळचा नाश्ता. मग पैसे घेऊन केलेल्या या आदराला पाहुणचार म्हणावे काय?

दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलात पंचवीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेल्या एका मराठी गृहस्थांच्या मनात हा प्रश्न वारंवार येतो. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुंबईत १९५४ साली हॉटेल-व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तिथे शिकून ते राजधानीत आले आणि इथलेच झाले. त्यांच्या हुद्द्याचे नाव ‘कॉन्सिएर्ज’. हा शब्द फ्रेंच भाषेतला. फ्रान्समध्ये इमारतीची देखभाल करणाऱ्या, आल्यागेल्याची दखल घेणाऱ्या माणसाला तो लावतात. हॉटेलातील कॉन्सिएर्ज मंडळींची एक संघटना १९२९ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या हे तिचे चिन्ह असून सदस्य ते कोटाच्या कॉलरवर लावतात. या संघटनेचे सदस्य भारतातही आहेत.

कॉन्सिएर्जचे काम वरवर पाहता सोपे वाटते. लॉबीच्या एका बाजूला त्याचे टेबल असते आणि पाहुणा त्याला काहीही विचारू शकतो. गाडी कुठे मिळेल, चष्म्याची काडी कोण दुरुस्त करील, आग्र्याला जाऊन एका दिवसात परत येता येईल का. त्याच्याकडे उत्तर तयार असावे लागते आणि ते खरे असावे लागते. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. एवढी साधी माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे ज्याचा दूरचा प्रवास वाया गेला, त्याला हॉटेलच्या मऊ गाद्यांचे कौतुक राहत नाही. म्हणून या गृहस्थांनी वर्षानुवर्षे एक वही ठेवली आहे. कोणत्या भोजनालयाला किती पायऱ्या आहेत, कुठे बसायला जागा नाही, कुठली खिडकी कोणत्या वारी बंद असते, हे सारे तिच्यात टिपलेले आहे. संगणक आला, हातात मोबाइल आला, तरी वही सुटली नाही. वृद्ध माणसाला कोणत्या दुकानात खुर्ची आपणहून पुढे करतात, ही नोंद त्यांना अन्य कुठे सापडली नाही.

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न जेवणाचा. “इथले खरे जेवण कुठे मिळेल?” असे पाहुणा विचारतो. नव्या नोकराला वाटते, लगेच चार नावे सांगावीत. अनुभवी माणूस आधी स्वतः विचारतो. तिखट चालते का? सोबत लहान मूल आहे का? कांदा-लसूण वर्ज्य आहे का? उभ्याने खाता येईल, की बसायला हवे? एकदा एका परदेशी बाईंच्या मुलाला शेंगदाणे मुळीच चालत नव्हते. ते खाल्ल्यास त्याचा श्वास कोंडत असे. त्या बाईंना हिंदी येत नव्हते. या गृहस्थांनी एका जाड कागदावर हिंदीत ठळक अक्षरांत तसे लिहून दिले आणि प्रत्येक ठिकाणी ऑर्डर देण्याआधी तो कागद दाखवायला सांगितले. त्या कागदाला काही खर्च आला नाही. परंतु त्या आईला शहरात निर्धास्तपणे हिंडता आले.

जुन्या दिल्लीत पाहुण्यांना पाठवताना तर अशा विचाराची विशेष गरज असते. जामा मशिदीच्या परिसरात हिवाळ्याच्या सकाळी निहारी मिळते. रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या मांसाचा हा रस्सा. ‘नहार’ म्हणजे दिवस, सकाळ. त्यावरून त्याचे नाव पडले. जवळच्याच गल्लीत १९१३ पासून चालू असलेले करीम हे भोजनालय आहे. चांदणी चौकात थंडीच्या दिवसांत खोमचेवाले ‘दौलत की चाट’ विकतात. नावात चाट असली तरी तो गोड पदार्थ आहे. दूध घुसळून काढलेला फेस, वर केशर आणि साखर. ऊन चढू लागले की तो फेस बसतो. म्हणून मे महिन्यात येऊन तो मागणाऱ्याला “आता मिळणार नाही, डिसेंबरात या,” असे सांगावे लागते. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्याचे नूतनीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि दिवसा तिथे मोटारींना बंदी आली. हॉटेलची आलिशान गाडी घेऊन निघालेल्या पाहुण्याला हे गृहस्थ मेट्रोचा रस्ता दाखवतात. त्यात हॉटेलचे गाडीभाडे बुडते, पण पाहुण्याचा वेळ वाचतो.

या कामातला खरा कस मात्र वेगळ्याच ठिकाणी लागतो. पर्यटकांच्या शहरात पाहुणा पाठवणाऱ्याला दलाली देण्याची प्रथा जुनी आहे. गालिच्यांची दुकाने, दागिन्यांची दुकाने आणि काही भोजनालयेही ती देतात. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत अशाच एका भोजनालयाचा माणूस या गृहस्थांकडे पाकीट घेऊन आला होता. घरी तेव्हा वडिलांच्या औषधांचा खर्च होता आणि पगार बेताचा होता. त्यांनी पाकीट परत केले. पुढे त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलांना यामागचा विचार सांगितला तो असा : पाहुण्याला या शहरात कोणी ओळखत नाही. आपण दाखवू ती वाट तो धरतो. ज्याला पर्याय माहीत नाही, त्याला फसवणे फार सोपे असते. म्हणूनच ते फार वाईट असते. बक्षिसी ही पाहुण्याने काम झाल्यावर आपल्या खुशीने दिलेली असते. दलाली कोणीतरी पाहुण्याला न कळू देता दिलेली असते. दोन्ही पैसेच, पण एक उघड्यावर घेता येतात, दुसरे घेता येत नाहीत.

दिल्लीच्या जेवणाविषयी बोलताना पाहुणे एक गोष्ट हमखास विचारतात : “यातले अस्सल दिल्लीचे कोणते?” याचे उत्तर देताना या गृहस्थांना इतिहासात शिरावे लागते. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती. १९५१ मध्ये ती १७ लाखांवर गेली. फाळणीनंतर जवळजवळ ५ लाख निर्वासित या शहरात आले होते. घरदार मागे टाकून आलेली ही माणसे रिकाम्या हातांनी आली, पण हातांतली कला सोबत आली. पंजाबातल्या गावांत शेजारणी एका सामाईक तंदूरभोवती जमून रोट्या भाजत. तो तंदूर आता दिल्लीच्या रस्त्यांवर पेटला. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी दर्यागंजमध्ये १९४७ साली ‘मोती महल’ सुरू केले. तिथल्या तंदुरी कोंबडीची आणि बटर चिकनची ख्याती देशाबाहेर पोहोचली. बटर चिकन पहिल्यांदा कोणी केले, यावरून त्या भागीदारांच्या वारसांशी संबंधित दोन उपाहारगृह-समूहांमधील वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. निर्वासितांच्या चुलीवर तयार झालेल्या पदार्थाच्या मालकीसाठी पुढच्या पिढ्यांनी न्यायालयात जावे, यावरून त्या चुलीने किती कुटुंबे उभी केली असतील, याची कल्पना येते.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची वसाहत पुढे चित्तरंजन पार्क म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथल्या मासळीबाजाराला आज साऱ्या शहरातून गिऱ्हाईक येते. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेली माणसे यमुनाकाठच्या मजनू का टीला येथे स्थिरावली. त्यांचे मोमो आणि थुकपा आता दिल्लीकर आपलेच मानतात. लाजपतनगरात अफगाण कुटुंबांनी नानभट्ट्या लावल्या. निरनिराळ्या राज्यांच्या भवनांत त्या त्या प्रांताचे जेवण मिळते आणि आंध्र भवनातील थाळीसाठी दुपारी रांग लागते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये तर एका फेरीत अनेक राज्यांची चव घेता येते. मराठी पाहुण्यांना पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवन ठाऊक असते. कधी एखादे वयस्क जोडपे चार दिवस पनीर आणि नान खाऊन कंटाळते. “भाकरी कुठं मिळंल का हो?” असे त्यातले आजोबा हळूच विचारतात. तेव्हा पाहुणा आणि यजमान हा भेद क्षणभर उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषद भरली, तेव्हा राष्ट्रप्रमुखांच्या मेजवानीत भरडधान्यांचे पदार्थ वाढले गेले. ज्वारी, बाजरी, नाचणी ही गरिबाघरची धान्ये मानाच्या ताटात बसलेली पाहून गावाकडच्या चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या आईची त्यांना आठवण झाली.

तेव्हा अस्सल दिल्लीचे काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर एवढेच असते : इथे येऊन राहिलेल्यांनी जे शिजवले, ते सारे दिल्लीचे. कालचा पाहुणा इथे आजचा यजमान होतो. त्यांचे स्वतःचेही तेच झाले आहे.

पैसे न घेता केलेला पाहुणचार कसा असतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांना ते गुरुद्वारा बंगला साहिब येथे पाठवतात. तिथल्या लंगरात रोज हजारो लोक जेवतात. पादत्राणे काढून, डोके झाकून पंगतीत जमिनीवर बसायचे. कोण कुठला, कोणत्या जातीचा, किती श्रीमंत, हे कोणी विचारत नाही. वाढणारे बहुतेक स्वेच्छेने सेवेला आलेले असतात. पंचतारांकित हॉटेलात उतरलेला पाहुणा तिथे एखाद्या रिक्षावाल्याच्या शेजारी बसून डाळ-रोटी खातो. या गृहस्थांना लंगरापुढे आपले काम लहान वाटत नाही. मात्र कशाशी तुलना करून ते तपासायचे, हे तिथे कळते.

आणि पाहुणचाराची दुसरी बाजूही या शहराने दाखवली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. हॉटेले ओस पडली. पुढे काही ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिकांची राहण्याची सोय झाली. त्याच दिवसांत आनंद विहारच्या बसस्थानकावर गावी परतणाऱ्या मजुरांची प्रचंड गर्दी उसळली. अनेकजण दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधून पायीच निघाले. त्यांत स्वयंपाकी होते, भांडी घासणारे होते, तंदूर पेटवणारे होते. ज्यांनी शहराला वर्षानुवर्षे जेवू घातले, त्यांना शहराकडून दोन वेळच्या जेवणाचीही खात्री वाटली नाही. लॉबीत रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत या गृहस्थांनी वहीतल्या ओळखीच्या भोजनालयांना एकेक करून दूरध्वनी केले. कित्येक ठिकाणी घंटा वाजत राहिली. पुढे दारे उघडली तेव्हा वहीतली काही नावे त्यांना खोडावी लागली. पाहुण्याची काळजी घेणाऱ्या व्यवसायाने आपल्या माणसांची काळजी किती घेतली, हा प्रश्न त्यांच्यापुरता अजून मिटलेला नाही.

पैशाच्या पाहुणचाराविषयीचा पहिला प्रश्न मात्र त्यांनी आपल्यापुरता सोडवला आहे. पाहुणा खोलीचे भाडे देतो, नाश्त्याचे पैसे देतो. त्या बदल्यात खोली आणि नाश्ता त्याला मिळायलाच हवा. त्याच्या जागी स्वतः उभे राहून विचार करणे, हे बिलात कुठे लिहिलेले नसते. ते द्यायचे की नाही, हे देणाऱ्याच्या हाती असते आणि पाहुणचार तिथूनच सुरू होतो.

आता त्यांच्या हाताखाली झारखंड, उत्तराखंड, मणिपूर अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेली मुले-मुली शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात ते त्यांना टेबलाशी उभे करत नाहीत. एक दिवस गणवेश न घालता, नोकरीची ओळख न सांगता शहरात पाठवतात. अनोळखी भागात जायचे, वाट विचारायची, परवडेल तिथे जेवायचे. संध्याकाळी परतल्यावर काय खाल्ले, हे ते विचारत नाहीत. कुठे भांबावलात, कोणी हसले का, कोणी पाणी दिले का, एवढेच लिहून आणायला सांगतात. तो कागद त्या मुलाच्या वहीचे पहिले पान होतो.