पाटीवर लाल, वेलीवर गुलाबी!

चेन्नईच्या गच्चीवर हौसेनं चढवलेला गुलाबाचा वेल. कुंडीतल्या पाटीवर नाव ‘क्लाइंबिंग क्रिमसन ग्लोरी’, म्हणजे मखमली गडद लाल. पण तिसऱ्या वर्षी वेलीवर फुलतात फिकट गुलाबी, वाटीसारखी, सैल पाकळ्यांची फुलं! नर्सरीवाल्यानं फसवलं, असं म्हणून घरची मंडळी कुदळ शोधू लागतात.

जरा थांबावं. आधी माती बाजूला सारून बुंधा पाहावा. नर्सरीतलं गुलाबाचं रोप बहुधा डोळा भरून केलेलं असतं. खाली काटक जातीचा खुंट, वर नाजूक जात. चेन्नईचा मे महिना आणि ऑक्टोबरपासूनचा ईशान्य मोसमी पाऊस नाजूक जातीला सोसला नाही, तर ती मरते आणि खुंटालाच जोमदार फुटवे येतात. गाठीच्या खालून फांदी निघाली असेल, तर पाटी खरीच होती. पाटीवरचा गुलाब तेवढा गेला.

मग हा कोण? झुपक्यांनी येणारी बारीक पांढरी फुलं आणि देठाच्या बुडाशी झालर असेल, तर तो मल्टिफ्लोरा. पण फूल गुलाबी, वास घमघमीत आणि बहर पुन्हा पुन्हा येत असेल, तर दक्षिणेत पहिला संशय ‘एडवर्ड’वर घ्यावा. कोयंबेडूच्या फूलबाजारात हाच सुट्या फुलांच्या ढिगांत भेटतो. अनेकांच्या तोंडी याचं नाव पन्नीर रोजा. (मराठी कानांना पनीर ऐकू येतं, पण तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी!)

या ‘एडवर्ड’चं मूळ नाव एदुआर. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बूर्बोंवर, शेतांच्या कुंपणाला दमास्क आणि चिनी गुलाब शेजारी लावत. त्यांच्या संकरातून तो उपजला. १८१९ च्या सुमारास तिथलं बी पॅरिसला गेलं आणि युरोपात बूर्बों गुलाबांचं घराणं सुरू झालं. कुदळ उगारली जाते ती अशा खानदानी पाहुण्यावर!

लाल फुलांचाच हट्ट असेल, तर गाठीवरची एखादी फांदी जिवंत आहे का ते पाहावं आणि खालचे फुटवे बुडापासून ओढून काढावेत. कात्रीनं छाटले तर दुप्पट येतात. वरचं सगळं वाळलं असेल, तर मात्र कुदळ ठेवून द्यावी. पाटी तेवढी बदलावी.