झाशीच्या वाटेवर सैल पडलेले पट्टे

झाशीत कित्येक पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबाने नागपुरात जुनी डीसी अवंती विकत घेतली आणि ती ट्रेलरवर घालून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार. वजन दीड टनाच्या आसपास, दोन लिटरचं टर्बो इंजिन सीटच्या मागे. माझं सगळं लक्ष रंगावर होतं. चढवताना पुढचा बंपर घासू नये म्हणून रॅम्पखाली लांब फळ्या घातल्या, आरशांना फडकी गुंडाळली. वजन ट्रेलरवर कुठे येतंय, हे मात्र पाहिलंच नाही.

नेहमीसारखी तोंड पुढे करून गाडी चढवली. पण या गाडीचा जड भाग मागे. त्यामुळे भार ट्रेलरच्या आसामागे गेला आणि पिकअपच्या हुकवर दाबच राहिला नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी हुकवर यायला हवा. सागर सोडल्यावर एका उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला. घाबरून मी ब्रेक दाबला आणि झोके आणखी वाढले. तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून स्टिअरिंग सरळ धरायला हवं होतं. समोरून कोणी नव्हतं म्हणून वाचलो. ललितपूरला गाडी उतरवून उलटी चढवली. मग ट्रेलर मुकाट्याने मागे येऊ लागला.

दुसरी चूक मात्र तशीच सोबत होती. चारही रॅचेट पट्टे मी चॅसीला अडकवले होते, आणि उलटी चढवल्यावरही तसेच. स्प्रिंगा दबेपर्यंत आवळले की गाडी घट्ट बसते, असा माझा समज. पण गतिरोधकावर गाडीचा सांगाडा आणखी खाली जातो, तेवढ्यापुरता पट्टा सैल होतो आणि हुक कडीतून निसटायला मोकळा होतो. बबिना ओलांडल्यावर खाली उतरून बघतो तर डावीकडचा मागचा हुक सुटून लोंबत होता. त्याच्या शेजारचा पट्टा ट्रेलरच्या अँगलच्या धारेवर घासत आला होता. पिवळे धागे कापसासारखे पिंजून वर आले होते, रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. पट्ट्याच्या लेबलवरची ताकद धड पट्ट्याची असते. कापलेल्या किंवा गाठ मारलेल्या पट्ट्याला ती लागू नाही.

श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिलचर हे दोन्ही महामार्ग झाशीला एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या ढाब्यांवर कार वाहून नेणारे मोठे ट्रक हमखास भेटतात. त्यातल्याच एका चालकाने, मी विचारल्यावर, आपल्या ट्रकवरच्या गाड्या दाखवल्या. एकही पट्टा बॉडीला नव्हता. प्रत्येक पट्टा टायरवरून घेऊन चाक खाली दाबून धरलेलं, पुढे-मागे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. सस्पेन्शन मोकळं राहतं, गाडी वर डोलत राहते आणि चाक जागचं हलत नाही. "भैया, पहिया बाँधिए, गाड़ी नहीं," एवढंच तो म्हणाला.

मालवाहतुकीच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या 80 टक्के आणि बाजूला 50 टक्के जोर धरून बांधणी करतात. म्हणजे जोरात ब्रेक लागला तर अवंतीसाठी पट्ट्यांवर बाराशे किलोंच्या आसपास ओढ. उरलेले तीन पट्टे, त्यातला एक अर्धवट कापलेला, ती कशी झेलणार होते, हा विचार अजूनही झोप उडवतो. शहरात शिरण्याआधी चालकाकडचे जुने पण धड पट्टे विकत घेतले, चाकं बांधली, धारेवर रबरी नळी चिरून बसवली. गाडी सुखरूप पोचली. चॅसीवर हुकांनी उमटलेल्या ओरखड्यांचे पैसे मी मालकाला न मागता दिले.

तुमची गाडी कोणी ट्रेलरवर चढवत असेल, तर वाकून बघा पट्टा कुठे अडकवलाय. चाकाऐवजी चॅसीला किंवा बंपरला दिसला, तर भाडं ठरलेलं असलं तरी काम थांबवा. आणि निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर चालकाला थांबवून पट्टे पुन्हा आवळायला लावा.