कल्पनेतली पायरी

साखर कारखान्याच्या मळीचा मद्यार्क कसा होतो, हे आमच्या मंगळवार पेठेत निराळे सांगावे लागत नाही. ऊर्ध्वपातनाचा उंच मनोरा ओळखीचाच. पण फराळाला आलेला एक जुना विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मनोऱ्याचे काम फिरते चाकही करते." १९८० च्या सुमारास इंग्लंडात कॉलिन रॅमशॉ यांनी ते पुढे आणले. जाळी भरलेले कडे गरगर फिरते. द्रव मध्यातून बाहेर फेकला जातो, वाफ बाहेरून आत घुसते.

"पण ते किती चोख निवडते, हे कळावे कसे?"

"आधी काहीच काढून घ्यायचे नाही. वाफ निववून सारी परत आत सोडायची. घडी बसली की दोन्ही टोकांचे नमुने तपासायचे. तेवढ्या फरकाला किती आदर्श पायऱ्या लागल्या असत्या, ते फेन्स्केच्या १९३२ च्या सूत्राने काढायचे. थोड्या जाळीत जितक्या जास्त पायऱ्या, तितके चाक चांगले."

आदर्श पायरी म्हणजे कल्पनेतली. तिथे वाफ आणि द्रव यांचा पुरता समतोल. आम्हा मास्तरांच्या आदर्श विद्यार्थ्यासारखीच!

ते 'काहीच न काढून घेणे' मात्र मनात घर करून राहिले. दहावीनंतर या मुलाला कामाला लावायचे घाटत होते. त्याच्या आईने शिवणकाम करून घर चालवले आणि सहा वर्षे त्याच्या कमाईची वाट पाहिली नाही. त्या माउलीला सूत्र ठाऊक नव्हते, धीर होता.