पत्रातलं पहिलं नाव

सरदारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ज्याच्याकडे गढी आणि गावं आहेत तो आधी वतन वाचवतो, देश नंतर, अशी माझी पक्की समजूत. स्कॉटलंडचा इतिहास वाचायला घेतला तो ही समजूत घेऊनच, आणि तिथे तिला पुरावेही भरपूर मिळाले. 1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो देश जिंकला, तेव्हा दीड हजारांहून जास्त मातब्बरांनी त्याच्याशी इमान राखण्याच्या शपथा घेतल्या. पुढच्या वर्षी अर्विनला रॉबर्ट ब्रूससकट बडे सरदार न लढताच शरण गेले. उरला विल्यम वॉलेस. ना मोठं घराणं, ना मोठी जहागीर. मला हवा तसा नायक! ‘ब्रेव्हहार्ट’ हा चित्रपट पाहिल्यावर तर इंग्रजांविरुद्धची स्टर्लिंगची लढाई त्याची एकट्याचीच झाली.

अँड्र्यू मॉरे हे नाव वाचनात यायचं. उत्तरेतल्या श्रीमंत सरदाराचा मुलगा, स्टर्लिंगला वॉलेसच्या बरोबरीने लढलेला. मी ते ओलांडून पुढे जायचो. याची मला लाज वाटते. माहीतच नसतं तर गोष्ट वेगळी. मला माहीत होतं आणि ते नकोसं होतं. माणसाने काय केलं हे न बघता, तो कोणाच्या घरात जन्मला एवढ्यावरच मी त्याला निकालात काढलं.

या समजुतीला तडा गेला तो एका व्यापारी पत्राने. 11 ऑक्टोबर 1297, हॅडिंग्टन. ल्यूबेक आणि हँबुर्ग या जर्मन शहरांना कळवलंय की स्कॉटलंड लढून इंग्रजांच्या हातून सोडवलं आहे, तुमच्या व्यापाऱ्यांनी आमच्या बंदरांत निर्धास्त यावं. पाठवणारे दोघे सेनानायक: आधी अँड्र्यू मॉरे, मग विल्यम वॉलेस.

त्या क्रमापाशी मी अडलो. मानपानाने सरदाराचं नाव आधी आलं असेल, अशी मनाची समजूत घालूनही पाहिली. ती टिकेना, म्हणून मॉरेचं ते वर्ष नीट वाचायला घेतलं. 1296 च्या त्या स्वारीत, डनबारच्या पराभवात, तो आणि त्याचे वडील दोघेही पकडले गेले होते. तो चेस्टरच्या कैदेतून निसटला आणि 1297 च्या मे महिन्यात उत्तरेत बंड उभारलं. वडील मात्र लंडनच्या टॉवरमध्येच. ऑगस्टच्या अखेरीला एडवर्डच्या बाजूने मार्ग सुचवला गेला: मुलाने इंग्लंडात येऊन ओलीस राहावं, म्हणजे वडिलांना राजाच्या फ्लँडर्स मोहिमेवर जाता येईल. मुलासाठी अभयपत्रही निघालं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, 11 सप्टेंबरला, तो स्टर्लिंगच्या अरुंद पुलापाशी वॉलेसबरोबर उभा होता. इंग्रजांची निम्मी-अर्धी फौज अलीकडे येऊ देऊन त्यांनी तिच्यावर झडप घातली. तिथे झालेल्या जखमेने मॉरे काही आठवड्यांतच गेला. पुढच्या वर्षी वडील टॉवरमध्येच वारले.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखं फार नाही त्याचं धैर्य मला ओळखता येत होतं. ज्याच्याकडे गढी होती, जहागीर होती आणि बाप शत्रूच्या हातात होता, त्याचं धैर्य मी धैर्य म्हणून मोजलंच नव्हतं. वॉलेस मला आजही तितकाच प्रिय आहे. पण त्याच्यावरच्या प्रेमापायी दुसऱ्या माणसाचं मरण मी बिनमोल ठरवलं होतं, आणि तो अन्याय मीच केला होता.

मॉरेच्या पश्चात त्याला मुलगा झाला, तोही अँड्र्यूच. मोठेपणी राज्याचा पालक होऊन त्याने 1335 मध्ये कल्ब्लीनला इंग्रजांच्या बाजूच्या फौजेला हरवलं. सध्या मी त्याच्याविषयी वाचतो आहे, एकही पान न ओलांडता.