पंपाला किती टोपणं?

जपानी लोकांच्या इंग्रजीला मी नोकरीभर हसलो आणि वर्गालाही हसवलं. जवळा बाजारसारख्या गावात इंग्रजी शिकवायचं, तर आधी पोरांच्या पोटातला गोळा घालवावा लागतो. त्या कामी जपान फार उपयोगी पडायचा. ‘पोकारी स्वेट’ हे तिथल्या एका पेयाचं नाव आहे आणि ‘स्वेट’ म्हणजे घाम, एवढं सांगितलं की मागच्या बाकापर्यंत हशा. कॉफीत घालायच्या दूधभुकटीचं नाव ‘क्रीप’, म्हणजे इंग्रजीत किळसवाणा माणूस. ‘कॅल्पिस’ हे पेय तर अमेरिकेत ‘कॅल्पिको’ म्हणून विकतात, कारण मूळ नाव इंग्रजी कानाला गाईच्या मुतासारखं ऐकू येतं. हा विनोद मात्र आमच्याकडे पडायचा. गोमूत्रात हसण्यासारखं काय, हे पोरांना कळायचं नाही.

आणि त्याच तोंडानं मी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भाषण ठोकायचो : ‘जपानकडे बघा! इंग्रजीवाचून त्यांचं काय अडलं?’ टाळ्या हमखास. आता ते हसणंही बंद केलंय आणि ते भाषणही.

सुरुवात कॅल्पिसनंच झाली. हे पेय १९१९चं. नावातला ‘कॅल्’ कॅल्शियमचा आणि ‘पिस्’ संस्कृत ‘सर्पिस्’चा, म्हणजे तुपाचा. ते काढणारे काइउन मिशिमा बौद्ध मंदिराच्या घराण्यातले. शब्द त्यांनी धर्मग्रंथांच्या परंपरेतून उचलला. संस्कृतचा वारसा सांगत मिरवणारे आम्ही त्यांच्या नावाला हसत होतो! शिवाय ही नावं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी ठेवलेलीच नव्हती. डब्यावरचं इंग्रजी ही तिथं बऱ्याचदा नुसती वेलबुट्टी असते, आपल्या ट्रकामागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’सारखी. त्यात काय आहे, किती घ्यायचं, कधीपर्यंत टिकेल, ही कामाची अक्षरं जपानीत असतात.

मग भाषणाकडे वळलो. इंग्रजीवाचून अडलं नाही, हे अर्धसत्य निघालं. १७७१मध्ये जपानी वैद्य सुगिता गेन्पाकू आणि त्यांच्या सोबत्यांनी एका प्रेताचं विच्छेदन पाहिलं. हातातल्या डच पुस्तकातल्या आकृत्या तंतोतंत जुळत होत्या, म्हणून त्यांनी ते पुस्तक जपानीत आणायचं ठरवलं. धड शब्दकोश नाही, डच येते ती तोडकीमोडकी. भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस, एवढं एक वाक्य कळायला वसंतातला अख्खा लांब दिवस गेला, असं सुगितांनी म्हातारपणी लिहून ठेवलंय. पुस्तक १७७४मध्ये बाहेर पडलं. मज्जातंतूसाठी तेव्हा घडवलेला शब्द तिथले डॉक्टर आजही वापरतात. म्हणजे परक्या भाषेवाचून त्यांचं अडलं होतंच. त्यांनी ती शिकून, मान मोडून, आतला माल आपल्या घरी आणला. आणि इंग्रजी त्यांनी सोडलेलीही नाही. २०२०पासून ती तिथं पाचवीपासूनचा रीतसर विषय आहे.

हे आपल्या मुलखात कुणाला दिसलंच नव्हतं असं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा त्या राज्याचे शिक्षण संचालक सर रॉस मसूद १९२२मध्ये जपानला जाऊन आले. तिथल्या शिक्षणपद्धतीवरचा त्यांचा अहवाल दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाला. मसूद यांना शाळा पाहायच्या होत्या. कारण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ नुकतंच उभं राहिलं होतं, त्याच्या जोडीला पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र खातं होतं. वैद्यक, गणित, विज्ञान, सगळं देशी भाषेत आणण्याचा तो मोठा उद्योग. फक्त ती भाषा उर्दू होती. आमच्या औंढा-वसमतच्या कास्तकाराच्या घरात जी बोलली जाते, तिची पाळी आली नाही.

ती अजूनही पुरती आलेली नाही, हे मला एका बाटलीनं दाखवलं. माझा जुना विद्यार्थी, आता हळद आणि सोयाबीन करतो. कृषी केंद्रातून औषध घेऊन थेट घरी आला. बाटलीसोबतचा कागद घडीवर घडी घातलेला, उघडला तर हातरुमालाएवढा, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. म्हणाला, ‘सर, यातलं मराठी काही कळंना. इंग्रजीतलं वाचून सांगा.’

मी मराठी वाचलं. सक्रिय घटक ग्रॅम प्रति हेक्टर, द्रावणाचं प्रमाण लिटर प्रति हेक्टर, पुढं ‘प्रतीक्षा कालावधी’. मलाही इंग्रजी रकाना पाहिल्यावरच मराठीचा अर्थ लागला : शेवटची फवारणी आणि काढणी यांत इतके दिवस जाऊ द्या. तो एकरात मोजतो, पाठीवरच्या पंपात मोजतो. त्याचा प्रश्न एकच, ‘पंपाला किती टोपणं?’ त्याचं उत्तर कागदावर कुठंच नव्हतं. ते दुकानदार तोंडी देतो, आणि टोपण कंपनीगणिक लहानमोठं असतं. त्याला कळलेली एकच खूण म्हणजे बाटलीवरचा लाल त्रिकोण, सगळ्यात जहाल विषाचा.

२०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, सगळा दोष कागदाच्या माथी मारता येणार नाही. पण असल्या मराठीला कुणी हसत नाही, कुणी तिचे फोटो काढून फिरवत नाही, हे मला आता खुपतं. जपानी पाटीवरचं चुकलेलं इंग्रजी फार तर पाहुण्याची करमणूक करतं. आमचं चुकलेलं मराठी घरच्याच माणसाला वाऱ्यावर सोडतं.

इकडे आमच्या औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची लायगो वेधशाळा होणार आहे. जपानातही कामिओकाच्या खाणीत तशीच एक वेधशाळा आहे. उद्या तिथले शास्त्रज्ञ औंढ्याला आले, तर आमच्या हॉटेलांच्या पाट्यांवरचं इंग्रजी वाचून पोट धरून हसतील. हसू देत. औषधाच्या कागदावरचं मराठी मात्र, पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाला आधी वाचायला द्यावं आणि त्याला कळलं तरच छापावं. आता २७ फेब्रुवारीला बोलायला उभं केलं, तर मी एवढंच बोलेन. टाळ्या कमी पडतील, पडोत.